धुतलेला गाळ

४ तारीख, मंगळवार

डोकं नुसतं भणभणतंय. गोदीच्या मॅनेजरनं नातीच्या साहेबांना आभाराचं पत्र धाडलंय. आभार कसले — तर गोदीजवळचा समुद्राचा गाळ स्वच्छ निघाला! जहाजांचा जुना रंग खरवडून रोज पाण्यात लोटतात. मला, चौथी शिकलेलीला दिसतं ते, यंत्राला दिसू नये?

नात माझी भारी हुशार. होडीतून जाते, तळाचा चिखल उपसते, त्यात शिसं किती, तांबं किती ते मोजते. मिठाच्या कणाहून कमी असलं तरी सापडतं तिला. आणि साहेब म्हणतो, "तुझी शंकाच खोटी. सही कर नि मोकळी हो." मेल्याची जीभ झडो.

शेजारची शिंपलीवाली मात्र खूश. गोदीपाशीच चिखलातून शिंपल्या काढते नि विकते. "आजी, तुमच्या नातीनं आमचं पोट वाचवलं." नात सांगते, गाळातलं शिसं शिंपल्यात उतरतं, आणि पोटातल्या बाळाला सगळ्यात आधी बाधतं. शिंपलीवालीच्या सुनेला सातवा महिना. माझा जीव तिच्यात अडकलाय.

५ तारीख

नात जेवली नाही. त्या साहेबाला एकदा घरी बोलवून अळणी वाढणार आहे.

७ तारीख, शुक्रवार

आज नातीला विचारलं, बाई, चिखलात हे शिसं बसतं तरी कुठे?

"आजी, हाताला पीठ चिकटतं की गहू? तसंच. शिसं बारीक गाळाला धरून राहतं, वाळूला नाही. मी आणला होता गाळ, आणि यंत्रात गेली निव्वळ वाळू. कशी, तेच कळत नाही."

मला कळलं.

प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला तेव्हा तिनं गोदीच्या गाळाचे तीन डबे एक रात्र आपल्या घरी ठेवले होते. संध्याकाळभर मान मोडून चिमट्यानं काड्या नि कवचाचे तुकडे वेचत बसली होती. ती आंघोळीला गेली. मी म्हटलं, लेकराचे डोळे जातील, तांदूळ निवडण्या-धुण्यात जन्म गेलाय माझा. तिन्ही डबे सात पाण्यांनी धुतले. गढूळ सगळं मोरीत. खाली राहिलं ते कसं लख्ख! भरून झाकणं लावली. सकाळी डबे तसेच मशीनवाल्याकडे गेले. तिला सांगायचं राहून गेलं, आणि वर मनात शाबासकी घेऊन बसले मी.

८ तारीख

साहेबाला दिलेल्या शिव्या परत घेत नाही. पण त्याहून मोठी शिवी मला.

९ तारीख, रविवार

सांगून टाकलं. नात म्हणाली, "आजी, गोदीवाल्यांना एवढा चांगला वकील फुकटात मिळाला." आणि खोलीत गेली.

साहेबाला तिनं लिहिलं — "नमुने घरी ठेवले, चूक माझी." त्यात आजीचं नावही नाही. मी काय पडद्याआड बसायला आलेय? मीच फोन लावला. साहेब म्हणाले, "आजी, हे कागदावर आलं तर तिची नोकरी जाईल."

म्हटलं, "येऊ दे कागदावर. तुम्ही गाळ पुन्हा काढा."

१०, ११, १२ — नात बोलत नाही. चहा घेते, तेवढंच.

१९ तारीख

नवा गाळ मोजला. चालेल म्हणतात त्याच्या नऊपट शिसं. नातीची नोकरी अजून आहे. साहेबानं ताकीद दिलीय. आणि आज ती माझ्या ताटात जेवली.

२० तारीख

अहवाल बाहेर पडायच्या आधी शिंपलीवालीला मीच सांगायला गेले. म्हटलं, "सुनेला आजपासून शिंपल्या देऊ नकोस गं."

ती म्हणाली, "आमच्या घरात दोन वर्षं झाली, कुणी खात नाही, आजी. तुम्हालाही मी लांबच्या वाळूच्या पुळणीवरच्या देते."

"आणि बाकीच्यांना?"

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे निघाली.