इस्त्रीच्या पेशी

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलोय, उरलेला भेटीत.) तुझी तब्येत कशी आहे? जेवण जातंय का? माझी विचारशील तर अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

कारण तोच. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारा, ज्याला आम्ही (म्हणजे मी एकटाच) इस्त्री म्हणतो तो. प्रयोगशाळेतला पांढरा कोटसुद्धा कडक इस्त्रीचा घालतो गं! तुला मागे सांगितलं होतं, पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारी काही प्रथिनं असतात. काम झालं की ती गप्प बसतात. कॅन्सरमध्ये त्यातलं एखादं दारावरच्या बेलचं बटण अडकावं तसं वाजतच राहतं. इस्त्रीनं असं एक बटण शोधलं, ते बंद करणारं औषध निघालं आणि आता ते रुग्णांना देऊन बघताहेत. बटण मीही शोधलं होतं, वेगळं, आणि ते बंद करायला औषधही बनवलं होतं. पण बॉस माझ्या दिशेनं बघतात ते फक्त घड्याळासाठी, कारण ते माझ्या डोक्यावर टांगलंय.

मध्यंतरी मात्र माझंही नशीब उघडलं. माझ्या औषधानं बाटलीतल्या कॅन्सरच्या पेशी पटापट मरायला लागल्या. मी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं, तुला फोन केला, तू अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंस. इस्त्रीनं टाळ्या वाजवल्या (मनापासून! हाच तर त्याचा दुष्टपणा). मग रीतीप्रमाणे पेशींची ओळख पटवायला नमुना पाठवला, आणि उत्तर आलं की या पेशी माझ्या नाहीतच. इस्त्रीच्या आहेत!

झालं असं, की तुझ्या ऑपरेशनला मी आलो होतो तेव्हा माझ्या पेशींना खाऊ घालायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. आधी स्वतःच्या पेशींना घातलं, मग खाऊच्या त्याच बाटलीतून माझ्या. कुठेतरी त्याच्या पेशींचा एक थेंब माझ्यात आला असणार. त्याच्या पेशी त्याच्यासारख्याच पुढेपुढे करणाऱ्या; त्या वाढत सुटल्या आणि माझ्या बिचाऱ्या कोपऱ्यात संपल्या. आणि माझं औषध? पुन्हा तपासलं, तर ते माझ्या बटणाला ढुंकूनही विचारत नाही. बंद करतं ते त्याचंच! म्हणजे मी राबराब राबून त्याचंच म्हणणं खरं करून दिलं. तो माफी मागायला आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. तेही कोटावर सांडलं नाही. असा राग आला म्हणून सांगू!

बाकी सगळं ठीक.

तुझा जळकुकडा भाचा

ता. क. तुझ्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. तुझ्या गाठीत इस्त्रीचंच बटण अडकलेलं सापडलंय आणि त्याच्या औषधाच्या चाचणीत तुला घेता येतंय. पण तू म्हणालीस म्हणे, घेईन तर माझ्या भाच्याचंच औषध, तोवर थांबेन. आत्या, थांबावं असं माझ्याकडे काही नाही गं. हे सांगायलाच एवढं पत्र लिहिलं. लागू पडेलच असं नाही, पण उद्याच जा आणि हो म्हण. पाया पडतो, या वेळी पूर्ण वाकून.

ता. ता. क. बरं वाटलं की त्याला फोन करून हवं तेवढं कौतुक कर. माझ्यासमोर मात्र एक शब्द काढू नकोस. मी रडेन, आणि माझा कोट आधीच चुरगळलेला आहे.