सोळा पानांच्या पुढचं

ताई,

छापलेलं पुस्तक कुणाचं घर मोडू शकतं का? पदवीधर झाले, तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालताना तुझ्या वाट्याला पुस्तकाचा एकच फर्मा यायचा, सोळा पानांचा. तेवढा वाचून तू घरी गोष्ट सांगायचीस, शेवट मनाने जोडून. वाचनाचं सुख मला तुझ्या त्या गोष्टींतच लाभलं. छापील अक्षराचे उपकार आणि तुझे, मला वेगळे काढताच येत नाहीत.

"नवऱ्याचा मार खाणारी ती शिवणकाम करणारी बाई शेवटी काय करते गं?" मी एकदा विचारलं होतं.

"काय करणार, पंडितीणबाई? सोसते. मग होतं सगळं नीट."

परवा ते अख्खं पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं. उभ्या उभ्या शेवट वाचला. ती सोसत नाही, ताई. शिवणयंत्र उचलते आणि निघून जाते.

तुझ्या मनगटावरचे वळ मी पाहिलेत. "दारात सापडला हात," म्हणालीस. पुस्तक भाऊजींच्या हाती पडलं तर?

ते तुझी पत्रं फोडतात, म्हणून हे माझ्याकडेच राहील. पुस्तक मात्र सकाळी पोस्टात टाकलं. तुझ्या सोळा पानांत, शिवणीलगत, माझ्या नव्या खोलीचा पत्ता लिहिलाय.

तुझीच,
पंडितीण