खंड्याची शीळ

शुक्र. ४ जाने. १९९१
कंपनीला शुक्रवारची सुटी, तरी नेहमीच्या वेळी नदीवर. मांजर्लीचा काठ धुक्यात, धुकं मात्र पाण्यालगतच, वर आभाळ स्वच्छ. करंजाखाली पंचा टाकला, डोळे मिटले. त्रिशरण, मग नुसता श्वास. ऐकू आले ते क्रमाने: भारद्वाज (बांबूच्या बेटातून, घुमा आवाज), तांबट, शेवटी बुलबुल.
खंड्या नाही. दिवाळीपासूनच नाही. छोट्या, निळ्या खंड्याबद्दल म्हणतोय. लोक त्याला आणि मोठ्याला एकच समजतात. मोठा खिदळतो, छोटा पाण्यावरून सरळ जाताना बारीक शीळ घालतो, काचेवर खिळा ओढावा तशी. सातवीनंतर शाळा नाही. हे सगळं ऐकून ऐकून शिकलो, नावं रद्दीतल्या पुस्तकावरून जुळवली.
असो. सकाळ मिळाली, आभार. कुणाचे ते अजून ठरत नाही. छप्पनला बाबा धम्मदीक्षा घेऊन आले, देव्हारा काढला. तिथे आता घड्याळ आहे. उठताना हात मात्र जोडले जातात, नदीकडे तोंड करून.

मंगळ. ८ जाने.
आजही नाही. निष्कर्ष पक्का: खंड्या गेला. नाल्याचं तेलकट पाणी नदीत येतं, मासे कमी झाले, दुसरं काय. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासलं. सौ.ला वाचून दाखवलं. ती पाठमोरी, चपात्या लाटत होती. काहीच बोलली नाही. पक्ष्यांचं तिला काय पडलंय.
पाकीट तयार. तिकीट आणायचं राहिलं.

शुक्र. ११ जाने.
नळाला पाणी नाही म्हणून सौ. धुणं घेऊन नदीवर. मी डोळे मिटून बसलेलो. एकदम खांद्यावर ओला हात. दचकलो.
"अहो, किती हाका मारायच्या? तो बघा तुमचा खंड्या. पत्र कसलं लिहिताय त्याच्या नावाने."
पाण्यात रोवलेल्या काठीवर बसलेला. निळा, पोटाशी तांबूस, शंकाच नाही. चोच उघडत होता, मिटत होता. आवाज नाही.
"आजारी दिसतो. ओरडता येत नाहीये त्याला."
सौ. माझ्याकडे बघत राहिली. "केवढ्याने ओरडतोय तो."

दुपारी. सौ.ला म्हटलं, माझ्या मागे उभी राहा, हळू काहीतरी बोल. भिंतीकडे तोंड करून वाट बघत बसलो. शेवटी म्हटलं, बोल की. वळलो तर तिचे डोळे भरलेले. तीनदा बोलून झालं होतं.
समोर बसून म्हणाली, "मला वाटायचं, मुद्दाम उत्तर देत नाही. मोठा वाचणारा माणूस, आमच्याशी कशाला बोलेल." पत्र वाचलं त्या दिवशीही चपाती लाटता लाटता तिने सांगितलं होतं, आहे की तो, रोज ओरडतो.
किती वर्षं तिने हे मनात ठेवलं, विचारलं नाही.
आता उलगडा होतो. कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात आवाजाने कुणी बोलतच नाही. ओठ वाचायचे, हाताने खुणा करायच्या. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा. दोन बोटं खांद्यावर म्हणजे साहेब आला. वीस वर्षांची ही सवय घरीही आली. समोरच्याचं तोंड बघून ऐकत होतो आणि ते कानांनी ऐकतोय असं समजत होतो. डोळे मिटून बसतो तेवढाच वेळ खरा कानांनी ऐकायचा.
पत्र फाडलं.

बुध. १६ जाने.
रजा टाकून उल्हासनगर, कानाचा डॉक्टर. सौ. बरोबर. डॉ. सिंधी, म्हातारा, शांत. बोलता बोलता तोंडापुढे कागद धरला, मग खाली घेतला. "अभी मैंने क्या बोला?"
बोलला होता हेच माहीत नव्हतं.
"बारीक आवाज गया, साईं. वापस नहीं आएगा. मोटा आवाज अभी है. वो बचाना है तो मशीन छोड़ो."
येताना बसमध्ये सौ. खिडकी सोडून समोरच्या सीटवर बसली, माझ्याकडे तोंड करून. लक्षात आलं.

गुरु. १७ जाने.
बाळारामला खुणेने सांगितलं: कान, मग झटकलेला हात. बाळाराम म्हणजे प्रेसवरचा जोडीदार, मोरिवलीचा. हसला. ओठ वाचले: "सगल्यांचाच गेलाय, भाऊ. तुला आज समजला?"
मशीन सोडायचं म्हणजे प्रेसमध्ये डाय, पत्रा कापायचा साचा, लावणं सोडायचं. मी डाय लावला की पत्र्याच्या कडेला बोट फिरवा, खरखर लागणार नाही. हेही कुणी शिकवलेलं नाही. आणि आता गोदामात बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या?
आज ध्यानाची बैठक जमली नाही. नुसता बसून होतो.

शुक्र. २५ जाने.
सौ. आपणहून आली, धुणं न घेता. मी डोळे उघडे ठेवून बसलो. इतकी वर्षं इथे येतोय, पण सूर्य वर येताना धुक्याला आधी गुलाबी, मग पिवळट रंग चढतो हे कधी पाहिलंच नव्हतं. डोळे मिटणं ही शिस्त म्हणून फार मिरवलं.
तिने माझं मनगट धरलं. खंड्या ओरडला की दाबायचं, असं तिनेच ठरवलं. दाबलं. निळी रेघ पाण्यावरून गेली.
"आता तरी माझं ऐका," म्हणाली.
"समोर येऊन बोल," म्हटलं. हसली.

गुरु. ३१ जाने.
गोदामात बदली द्या, असा अर्ज साहेबांपुढे ठेवला. वाचून परत दिला. "तू गेलास तर डाय कोण लावणार? नीट विचार कर. शनिवारी हाच अर्ज घेऊन ये, नाहीतर फाडून टाक."
छाती फुगली. खरं लिहितो, फुगली. जेवणाच्या सुटीपर्यंत फुगलेलीच होती. मग कळलं, आपली अडचण हीच आहे.
बाळाराम खुणेने विचारत होता, काय झालं. मी चहाची खूण केली.

शनि. २ फेब्रु.
सकाळ. अर्ज शर्टाच्या खिशात, घडी घातलेला. आधी थोडा वेळ डोळे मिटले, मुद्दाम. बांबूच्या बेटातून भारद्वाज, घुमा, पोटातून आल्यासारखा. अजून येतो. तांबटही येतो. बुलबुल अर्धा. जे उरलंय ते किती भरघोस आहे.
मग मनगटावर दाब. डोळे उघडले, तोवर तो गेलेला. पाणी नुसतं हलत होतं. पण ओरडला, हे मला कळलं.
"चला, कंपनीला उशीर होईल," सौ. म्हणाली. अर्जाचं तिने विचारलं नाही. देणार की फाडणार, मीही सांगितलं नाही. खिशाकडे मात्र दोघांनी पाहिलं.
उठताना सवयीने हात जोडायला गेलो. जोडता आले नाहीत. एक हात तिच्याकडे होता.