पाच गुंठ्यांतली वेल

मखमलाबाद,
२० ऑगस्ट १९९८

ती. सौ. छायाताईस,
महेशचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टाने पाठवलेली राखी मिळाली. शेजारच्या रंगूबाईंनी बांधली. तू आली नाहीस याचा राग आहेच, पण आजचं कारण वेगळं आहे.

तुझ्या पाच गुंठ्यांनी मला जीव नकोसा केला आहे. दादांनी जाताना लेकीची म्हणून ती पट्टी तुझ्यासाठी बोलून ठेवली, ठीक. पण नांदगावात बसून रेल्वेतल्या भावोजींचा जेवणाचा डबा भरताना तुला इथलं तण कसं दिसणार? या पावसात तिथे अमरवेल माजली आहे. तुझ्या मोगऱ्यावर चढली, सगळं कुंपण झाकलं आणि आता बांध ओलांडून माझ्या शेवंतीत शिरायला बघते आहे. दसरा-दिवाळीचा माल आहे तो, त्यावर आमचं वर्ष निघतं. तुकडा पाकिटात घातला आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

मी ट्रॅक्टर सांगणार आहे. आणि ते हक्कसोडपत्रही एकदाचं उरकून टाकू. वकिलाने कागद तयार केला आहे. भाऊबीजेला येशीलच, तेव्हा सही कर. पट्टी माझ्या नावावर आली की तुझ्याही डोक्याचा ताप गेला आणि माझ्याही. साडी तुझ्या मनासारखी घेईन.

भावोजींना नमस्कार, स्नेहलला आशीर्वाद. रागाने लिहिलं तरी माया कमी झालेली नाही, एवढं धरून चाल.

तुझा,
महेश


नांदगाव,
२६ ऑगस्ट १९९८

चि. महेश यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. तव्यावरची भाकरी करपली, ती तुझ्या भावोजींनी निमूट खाल्ली.

अरे, फुलं पिकवणाऱ्याला अमरवेल ओळखता येऊ नये? स्नेहल ॲग्रिकल्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुझा तुकडा बघून तिने कपाळाला हात लावला. अमरवेलीला पान नसतं, मूळ जमिनीत राहत नाही, नुसत्या पिवळ्या शेवया झाडावर टाकल्यागत दिसते. मामाला सांग म्हणाली, याला बदामाच्या आकाराची पानं आहेत, गुलाबी फुलांची माळ आहे आणि माळेच्या टोकाला धरून चढायला तणावे आहेत. नर्सरीवाले हिला आइस्क्रीम क्रीपर म्हणतात. परदेशातून शोभेसाठी आणलेली वेल ही. आपल्या मळ्यात कुणीतरी हौसेने लावली असणार. मी लावलेली नाही. मग कुणी लावली?

आता पुढचं दोनदा वाच. ट्रॅक्टर घालू नकोस. हिच्या मुळाशी रताळ्यासारखे गड्डे असतात. फाळाने त्यांचे तुकडे झाले की एकीच्या दहा वेली होतात. गणपती उठले की मी येते आणि कुदळीने खणून काढते.

सहीचं म्हणशील तर, चौदाव्या वर्षापासून त्या पट्टीतला मोगरा मी खुडला. त्या मोगऱ्यावर तुझं आय.टी.आय. झालं. दादांना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी पट्टी मला दिली. तुझे भावोजी रिटायर झाले की तिथेच दोन खोल्या बांधून पुन्हा मोगरा करायचा, असं आमचं ठरलं आहे. तुला हे पंचवीस वेळा सांगून झालं आहे.

आपला आहेस म्हणून एवढी ओरडते. परक्याला पत्रच लिहिलं नसतं.

तुझी ताई,
छाया


मखमलाबाद,
३ सप्टेंबर १९९८

ती. ताईंच्या चरणी दीपमालाचा शि. सा. न.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. वाचून चुलीत घाला.

तुमचं पत्र शनिवारी आलं आणि ट्रॅक्टर शुक्रवारीच येऊन गेला होता. तुमचा मोगरा मुळासकट गेला, ताई. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. पुढे होऊन थांबवलं नाही, त्याची मला फार लाज वाटते.

वेल मी आणली. दोन वर्षांमागे माहेरच्या लग्नाला शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका लॉन्सवर गेले होते. तिथल्या कमानीवर ही गुलाबी फुलं लय सुंदर दिसत होती. माळ्याकडून मुळीसकट फांदी मागून घेतली. आपलं अंगण सिमेंटचं, म्हणून तुमच्या कुंपणाला लावली. मला काय ठाऊक, अशी अवदसा निघेल ते! यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लावली तेव्हा पाणीसुद्धा यांनीच घातलं. आणि तुम्हाला लिहिताना ते तुमच्या पट्टीतलं तण झालं.

खरं कारण वेगळंच आहे. मागच्या मळ्यात प्लॉट पाडणारा एक माणूस चार वेळा येऊन गेला. त्याला रस्ता पाहिजे आणि तो तुमच्या पाच गुंठ्यांतूनच निघतो. म्हणून कागदाची घाई चालली आहे. वर नांगरल्यावर तुमची काळी माती ट्रॉलीने उचलली आणि शेवंतीला भर लावली. माती चांगली आहे, वाया कशाला घालवायची, असं म्हणाले.

ताई, सही करू नका. मी सांगितलं असं मात्र कुठे बोलू नका. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण मला टाकू नका.

तुमची,
दीपमाला


मखमलाबाद,
६ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. छायाताईस,
शि. सा. न. वि. वि.

गणपती उठले, दसरा झाला, तरी तुझा पत्ता नाही. दोन ओळीसुद्धा नाहीत.

माझी शेवंती गेली, ताई. प्रत्येक सरीत त्या वेलीचे कोंब वर आले आहेत. एकेका झाडाला विळखा बसला आहे. उपटायला जावं तर वरचं तुटून हातात येतं आणि चार दिवसांत खालून दुप्पट फुटतं. तणनाशक मारावं तर शेवंतीच जळते. दसऱ्याला निम्मा माल निघाला, दिवाळीला तेवढाही दिसत नाही. स्नेहलला विचारून काय करायचं ते लगेच कळव.

हा रोग तुझ्या पट्टीतला आहे, तेव्हा निस्तरायची जबाबदारीही तुझीच आहे. भाऊबीजेला ये. मोरपंखी साडी आणून ठेवली आहे. वकीलही तासभर घरी येऊन थांबणार आहे. सख्ख्या भावाला तू नाही म्हणणार नाहीस, हे मला माहीत आहे.

सर्वांस यथायोग्य. ताई म्हणून हाक मारतो आहे, ओ दे.

तुझा,
महेश


नांदगाव,
११ ऑक्टोबर १९९८

चि. महेश यास आशीर्वाद. आज ‘अनेक’ लिहायला हात धजत नाही.

आधी वेलीचं सांगते, कारण शेवंतीने माझं काही बिघडवलेलं नाही. कोंब वरून ओढू नकोस. बाजूने हातभर खोल खण आणि गड्डा अख्खा बाहेर काढ. बोटभर तुकडाही मागे ठेवू नकोस. फुलं बी धरायच्या आत खुडून घे. काढलेलं बांधावर किंवा पाटाच्या पाण्यात टाकलंस तर खालच्या मळेवाल्यांच्या गळ्यात पडेल. उन्हात कडक वाळव आणि जाळून टाक. त्यात शेवंतीची काही झाडं मरतील, मरू दे. पुढचे दोन-तीन पावसाळे दर आठवड्याला सरीसरीतून फिरावं लागेल. कळलं नाही तर स्नेहलला विचार, ती मामाला नाही म्हणणार नाही.

आता तुझं. रोग माझ्या पट्टीतला म्हणतोस, मग ती माती तुझ्या शेवंतीत चालत आली का रे? ट्रॉलीने कुणी नेली? माझी माती तुला चालते, माझं नाव तेवढं चालत नाही! मोगरा नांगरलास ते कळलं. रस्ता कुणाला हवा आहे तेही कळलं. कुणी सांगितलं म्हणून घरात कुणाला धारेवर धरशील तर माझ्याशी गाठ आहे.

मला सरळ लिहायचंस की, ताई, जमिनीला गिऱ्हाईक आलंय. मी भांडले असते, रडले असते, आणि तुझी अडचण खरीच मोठी असती तर दिलीही असती. तू मात्र वेल पुढे केलीस आणि मला आळशी ठरवून माझ्याच जमिनीतून उठवायला निघालास. माझा मोगरा गेला त्याहून मला हे लागलं. महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही, म्हणून पत्र नव्हतं.

सही करणार नाही. सातबाऱ्यावर दादांच्या मागे तुझ्याबरोबर माझं नाव लागलं आहे, ते राहील. वकिलाला सणाच्या दिवशी त्याच्या बहिणीकडे जाऊ दे. साडी दीपमालाला नेसव, मोरपंखी रंग तिला शोभतो.

भाऊबीजेला मी येणार आहे. पाट घरात मांडू नकोस. माझ्या पाच गुंठ्यांत, मोगरा होता तिथे मांड. मी आरतीचं ताट घेऊन तिथेच उभी राहीन. येऊन बसलास तर ओवाळीन. नाही आलास तर चंद्रकोर दिसेपर्यंत थांबेन, तिला ओवाळीन आणि पुढच्या गाडीने नांदगावला निघेन.

छाया