बंदरापासून वृंदाच्या घरापर्यंत

११ मार्च

उतरले तेव्हा जालना स्टेशनच्या घड्याळात आठ पंचवीस. मुकुंदवाडीहून सात दहाला बसले होते. सव्वा तास. हवा होता तेवढाच.

असं धरलं आहे: मुकुंदवाडी म्हणजे बंदर, जालना म्हणजे रोम. मे महिन्यात सहलीची बोट सकाळी सातला बंदराला लागणार. संध्याकाळी साडेपाचच्या आत सगळ्यांनी परत चढायचं. राहिलेल्यासाठी बोट थांबत नाही. बंदर ते शहर ऐंशी किलोमीटर, साध्या गाडीनं तास-सव्वा तास. तिथल्या स्टेशनापासून वृंदाचं घर पायी वीस मिनिटं. जायचं, मुलीला आणि नातीला बघायचं, वेळेत परत. एकटीनं.

आज स्टेशनाबाहेर वीस मिनिटं सरळ चालले. उजवा गुडघा पंधराव्या मिनिटाला बोलायला लागला. चालेल.

मग घोटाळा. मोंढ्याच्या कोपऱ्यावर एकानं वाकून नमस्कार केला. बी. ए. दुसरं वर्ष, मागचा बाक. आता कपड्याचं दुकान. "मॅडम, दारावरून जाता व्हय?" घर दुकानाच्या वर. त्याची बायको, त्याची आई. पाणी. चहा. पोहे. आईनं शेजारणीला बोलावलं. मी तीनदा उठले, तीनदा बसवलं. गाडी गेली.

एसटीनं परत. घरात पाय ठेवला तेव्हा सात वाजत आले होते. बोट दीड तासापूर्वी गेलेली.

भा.नं, नवऱ्यानं, विचारलं, कॉलेजातल्या जुन्या बाई भेटल्या का. त्याला तसं सांगून गेले होते. म्हटलं, भेटल्या.

१३ मार्च

भा.ला कागद सापडला. वेळा, अंतरं, आकृती. त्यानं तो टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवला. इंजिनिअर होता. आकृतीत जिना राहिला होता, तो पेन्सिलनं काढून देईल असं क्षणभर वाटलं.

म्हणाला, "आपण फिरायला चाललोय. पाहुणचाराला नाय."

मी म्हटलं, तुम्ही फिरा.

"ग्रुप सोडून जाता येत नाय. आन् तिथं तुझं मराठी चालत नाय."

म्हटलं, सहा वर्षं या घरात तरी कुठं चालतंय.

जेवण उरकलं. ताट मात्र त्यानं स्वतःचं उचललं. हे नवीन.

१४ मार्च

एक गोष्ट कळत नाही. सहल त्यानंच निवडली. सत्तर पूर्ण झाले म्हणून, पाटबंधाऱ्यातले जुने मित्र चालले म्हणून. पत्रकात बोटीच्या तिसऱ्या दिवशी रोम, ठळक अक्षरांत. तो पत्रकं दोनदा वाचतो. विजेचं बिलसुद्धा दोनदा वाचतो.

विचारणार नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल त्याला, आणि उत्तर तो गावाकडं पाचोडच्या भावकीला ऐकू जाईल असंच देईल.

१९ मार्च

सिडकोत टूरवाल्याकडं बैठक. बत्तीस जण, बहुतेक निवृत्त. रोममध्ये बस नेणार, चार ठिकाणी उतरवणार, दीड तास भारतीय जेवण. बत्तीसांपैकी तिघांनी विचारलं, वरण असेल का.

मी विचारलं, ज्यांना स्वतः जायचं आहे त्यांनी बंदरातून स्टेशनला कसं जायचं.

टूरवाला हसला. "मॅडम, तुमच्या वयात कशाला धडपड?" मग एक फॉर्म दिला. ग्रुप सोडणार असेल त्यानं आपल्या जबाबदारीवर, वगैरे. खाली दोन सह्या. प्रवासी. पती अथवा कुटुंबप्रमुख.

शेजारच्या कुलकर्णीबाई हळूच म्हणाल्या, तिथं काय आहे एवढं? म्हटलं, मुलगी आहे. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी फॅनकडं बघितलं.

भा. परतीच्या रिक्षात पूर्ण वेळ बाहेर बघत होता.

२२ मार्च

वृंदानं प्रवीणशी, जातीबाहेर, लग्न केलं तेव्हापासूनच्या भेटी. लिहून ठेवते.

एक, सिडको स्टँड, लग्नानंतर दोन महिन्यांनी. वीस मिनिटं. दोन, मुकुंदवाडीचा प्लॅटफॉर्म, ती आणि प्रवीण मुंबईला निघाले तेव्हा. तीन, दवाखान्याचं कँटीन, माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. भा. औषधं आणायला गेला होता, तेवढ्यात. मग ती रोमला गेली, भिंतीवरची जुनी चित्रं दुरुस्त करायला. अजिंठ्याला जे शिकली त्यावर तिकडं पोट भरते.

सगळ्या भेटी उभ्यानं. पाठीवर पिशवी, डोळा घड्याळावर. तिच्या घरात मी कधी बसलेले नाही. बजाजनगरला होतं तेव्हाही नाही.

संध्याकाळी फोन. वृंदा म्हणाली, "आई, मी बाळाला घेऊन बंदरावरच येते. तुला त्रास नको."

नको म्हटलं. स्टेशनलाही येऊ नकोस. तुझ्या दारावरची बेल मी वाजवणार.

 तिनं पत्ता परत सांगितला. स्टेशनातून बाहेर, मोठा रस्ता, दुसरी गल्ली, तिसरा मजला. लिफ्ट नाही.

१ एप्रिल

जालन्यावर विचार करते आहे. जाणं जमलं. निघणं जमलं नाही. आपल्याकडं पाहुणा उठतो म्हणाला की ते बोलणं सुरू होण्याची खूण असते. परक्या माणसाच्या घरातून मी तीनदा उठून तीनदा बसले. तिथं तर आठ महिन्यांची नात, मैत्री, मांडीवर असेल.

बोट चुकली तर भा. बरोबर ठरेल. हे होऊ देणार नाही.

४ एप्रिल

बजाजनगर. प्रवीणच्या आईकडं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दोन खोल्या, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेब, खाली मैत्रीचा फोटो, मोबाइलवरून काढून मोठा केलेला, म्हणून थोडा फुटलेला. शांताबाईंनी दार उघडलं आणि आधी माझ्या मागं बघितलं, आणखी कोण आलंय. कुणी नाही म्हटल्यावर आत घेतलं.

पाणी आणलं. मग चहाचं विचारताना थांबल्या. "चालंल का?"

दोनच शब्द. विणकामाच्या सुईसारखे आत गेले. चहा घेतला. भाकरी आणि मेथीचं पिठलंही मागून घेतलं. दुसरी भाकरी अर्धी घेतली, अर्धी त्यांनी न विचारता वाढली.

सगळं सांगितलं. बंदर, गाडी, जालन्याचे पोहे. त्या हसल्या, तोंडाला पदर लावून, खूप वेळ.

"ताई, तुमी शिकलेल्या, पर उठायला शिकल्या न्हाईत." त्यांचे मालक पंचवीस वर्षं वाळूजला कंपनीत. पाळी बदलायची, भोंगा कुणासाठी थांबायचा नाही. माहेरी गेल्या तरी त्यांना परत डबा भरायच्या वेळेच्या आत पोचावं लागायचं. "आपलं काय असतं, बसल्यावर उठायचं सांगतो. तसं नाय. पायरीवरच सांगायचं. चप्पल काढायच्या आधी. मी अमुक वाजता उठणार. मंग आत जायचं. मंग कुणी धरत नाय, आन् आपलं मन बी आपल्याला धरत नाय."

मैत्रीसाठी कुंची दिली. हातानं शिवलेली, निळी. त्यांनीही नातीला पाहिलेलं नाही. पासपोर्टच नाही.

म्हणाल्या, "माज्या वाटचं बी बघून या."

मग स्वतःच उभ्या राहिल्या. "उठा आता. बस हाये."

५ एप्रिल

भा.नं कुंची पाहिली. कुठून आणली विचारलं. सांगितलं.

"तिथं जेवली?"

हो म्हटलं. दीड भाकरी.

तो म्हणाला, पाचोडला कळलं तर. वाक्य तिथंच सोडलं. मी म्हटलं, फोन करून कळवा, मी नंबर लावून देते.

लावला नाही. दुपारी झोपला नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता.

१२ एप्रिल

पुन्हा जालना. तीच गाडी. मुद्दाम कपड्याच्या दुकानावरून गेले. मुद्दाम जिना चढले. चप्पल पायात ठेवून म्हटलं, मी साडेअकराला उठणार आहे. त्याची आई जरा नाराज झाली. चहा आला, पोहे आले, शेजारीण आली. साडेअकराला उठले. कुणी धरलं नाही. आईनं लाडू बांधून दिला. परतीची गाडी दुपारची होती, तोवर स्टेशनात बसले.

बोटीवर पाच वाजून दहा मिनिटांनी पोचले. म्हणजे घरी. भा.नं दार उघडलं. घड्याळाकडं बघितलं. त्याला वेळा माहीत आहेत. कागद त्यानं पाठ केलेला असणार.



१५ एप्रिल

वृंदाला फोनवर सांगितलं: पावणेदहाला येणार, अडीचला उठणार.

"आई, येण्याआधीच जायचं सांगतेस."

म्हटलं, म्हणून येता येईल.

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज. प्रवीणनं फोन घेतला. "आई, मी जेवायला काय करू तेवढं सांगा." तो मला आई म्हणतो. सहा वर्षांत मी त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. आज मारली. प्रवीण, काहीही कर, पण एकपर्यंत वाढ.

२ मे

फॉर्म भरला. प्रवासी, खाली माझी सही. "पती अथवा कुटुंबप्रमुख" यावर आडवी रेघ. रजिस्टर पोस्टानं टूरवाल्याला पाठवला, पोचपावतीसह. तो सिडकोत, मी सिडकोत. मधे दोन चौक. तरी पोस्टानं.

संध्याकाळी त्याचा फोन भा.ला आला. सर, मॅडमनी असं असं केलंय, तुमची सही नाही, असं चालत नाही.

भा. म्हणाला, "तिचा कागद हाये. तिला विचारा."

आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं पीठ तसंच राहिलं थोडा वेळ. मग परत मळायला घेतलं. याचा अर्थ लावणार नाही. अर्थ लावायची सवय नोकरीबरोबर सुटायला हवी होती.

७ मे. विमानतळ

दोघांचे पासपोर्ट भा.च्या कमरेच्या पाकिटात. चव्वेचाळीस वर्षांत प्रत्येक प्रवासात तिकिटं, चाव्या, पत्ते त्याच्याच कमरेला.

माझा मागितला.

"हरवशील."

माझा आहे, म्हटलं.

रांगेतले लोक बघत होते. कुलकर्णीबाई छताकडं. त्यानं पाकिटाची चेन उघडली, दोन्ही काढले, फोटो बघितले, माझा दिला.  

९ मे. बोट

दुसरा दिवस पाण्यावर. सगळीकडं गालिचे. जेवणाच्या हॉलमध्ये आमच्या टेबलावर लोणच्याची बरणी फिरते आहे.

स्वागतकक्षात जाऊन विचारलं. मोडक्या इंग्रजीत, पण विचारलं. उतरताना फक्त आपलं कार्ड दाखवायचं. कुणाची परवानगी? त्या मुलीला प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारला. ती म्हणाली, तुमचं कार्ड, मॅडम, तुमचंच. म्हणजे टूरवाल्याचा नियम टूरवाल्यापुरता. जहाजाबाहेर बंदराची बस असते, ती बंदराच्या दारापर्यंत सोडते. तिथून स्टेशन पायी. तिकीट काढल्यावर फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवायची, नाहीतर दंड. हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. तिची अक्षरं गोल.

जेवताना टूरवाल्यानं उद्याचं सांगितलं: ग्रुपची बस साडेसातला, जहाजासमोर, उजव्या हाताला. मोजणी करून निघणार. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, एक जण नसतील.

कुणीतरी म्हणालं, वहिनी, बोट चुकवू नका हं, पोहत यावं लागेल. हसले सगळे. मीही. म्हटलं, पोहायला वेळ धरलाय.

भा. हसला नाही. भात कालवत होता.

खोलीत आल्यावर मी पिशवी भरली. कुंची, पाण्याची बाटली, गुडघ्याचा पट्टा, कागद. तो पलंगाच्या त्याच्या बाजूला बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "नातीचं नाव काय ठिवलंय?"

त्याला नाव माहीत नव्हतं. आठ महिने. मी घरात मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

मैत्री, म्हटलं.

त्यानं एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग दिवा त्याच्या बाजूचा बंद केला.

मी त्याला ये म्हटलं नाही. म्हणणारही नाही. तिच्या दारात त्याला मी आणलं असं व्हायला नको. सहा वर्षं मी त्याच्यामुळं गेले नाही असं म्हणत आले. तेही खरं नव्हतं. रिक्षा करून बजाजनगरला जायला अर्धा तास लागायचा.

१० मे. सकाळ

सहाला उठले. भा. आधीच उठला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, बूट घातलेले. ग्रुपच्या बसलाही बूट लागतात.

सात वीसला उतरले. कार्ड दाखवलं, यंत्र वाजलं. तो माझ्या मागं चार-पाच माणसं सोडून रांगेत होता. बंदराची बस डावीकडं उभी होती. मी डावीकडं गेले. खिडकीशी बसले. उजवीकडं टूरवाला हात वर करून माणसं मोजत होता. भा. दोन्ही बसच्या मधे उभा होता, खिशातून चष्मा काढत. बस सुटली.

स्टेशनला पोचले. तिकीट काढलं, यंत्रात घातलं, वेळ उमटली: आठ वाजून सोळा. गाडी आठ पंचवीसची. तोवर फलाटावर बसून हे लिहिते आहे; भा. अजून दिसलेला नाही.