सहा-दहाचा सिग्नल

१४ सप्टेंबर, रविवार

आणला! जुन्या वस्तूंच्या दुकानात खालच्या फळीवर पडला होता, प्रिंटर आणि राइस कुकरच्या मधे. स्कॅनर रेडिओ, विमानं-बोटींवरचं बोलणं पकडणारा. अँटेना जरा वाकडी, बाकी ठणठणीत. विनायक म्हणाला, याचं तू काय करणार? म्हटलं, ऐकणार. सेंदाईत येऊन दोन वर्षं झाली, माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही, तर इतरांचं तरी ऐकते.

पुण्यात अकरा वर्षं टेलिकॉममध्ये नोकरी केली. इथे माझ्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर छापलंय ‘कुटुंबीय’. म्हणजे विनायकची बायको. विद्यापीठात त्याचं संशोधन आहे म्हणून मी जपानात आहे. मार्चमध्ये त्याचा प्रोजेक्ट वाढला नाही, तर दोघांनी गाशा गुंडाळायचा. माझ्या हातात काहीच नाही! हे मला फार टोचतं, पण विनायकला कशाला ऐकवू, त्याच्या डोक्याला काय कमी ताप आहे?

१७ सप्टेंबर

दिवसभर कान लावून बसले. मात्सुशिमाच्या एअरबेसची विमानं पकडली— वैमानिकांचं इंग्रजी माझ्या जपानीसारखंच, तोलून-मापून. जीव सुखावला. इथला कायदा मजेशीर आहे. ऐकलं तर चालतं, ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं की गुन्हा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या सगळ्याजणी पहिल्याच दिवशी आत गेल्या असत्या.

आणि संध्याकाळी सहा-पन्नासला, भलत्याच फ्रिक्वेन्सीवर— घरघर! बोलणं नाही, नुसती घरघर, मधेमधे थरथर. सात-तीसला कापल्यासारखी बंद.

१८ सप्टेंबर

सकाळी सहा-दहा. पुन्हा तीच. बरोबर चाळीस मिनिटं. एवढी शिस्त फौजेशिवाय कोणाची असणार?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

रेल्वेने यामोतोला गेले, एअरबेसच्या कुंपणापाशी. तिथे पाच-सहा आजोबा शिड्या, थर्मास आणि रेडिओ घेऊन उभे असतात. मी दिसल्यावर सगळे एकदम गप्प. मग निळ्या-पांढऱ्या विमानांची तुकडी डोक्यावरून गेली, मी तोंड उघडं टाकून बघत राहिले, तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

त्यांच्यातले मोठे ओइकावा-सान. पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. माझा स्कॅनर उलटापालटा करून बघितला आणि वाकडी अँटेना काढून स्वतःच्या पिशवीतली लावून दिली. त्यांच्याकडे एक वही आहे. कोणी नवा सिग्नल ओळखला की त्यात त्याचं नाव चढतं. वीस वर्षांत तेरा नावं. मला चौदावं हवंय! नुसतं माझं— सुप्रभा. कोणाची कोण ते नको.

घरघर ऐकायला सहा-पन्नासपर्यंत थांबले. तिथे आलीच नाही! म्हणजे बेसवरून सरळ सेंदाईच्या दिशेने सोडत असणार. आणखी काय?

२६ सप्टेंबर

लक्षात आलं. ट्रंकिंग! जुन्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाई असायची तसं— माणसं शंभर, लाइनी पाच, कोणी कुठे बोलायचं ते ती ठरवणार. रेडिओतसुद्धा असं वाटप करणारा एक चॅनल असतो आणि तो सतत असाच घरघरतो. लष्करी तळांवर ही पद्धत असते. रोज नोंद चालू आहे: वेळ, जोर, हवा, पाऊस, अँटेनाची दिशा. विनायक म्हणतो, माझ्या विद्यार्थ्यांनी अशी नोंद ठेवली असती तर मी पेढे वाटले असते.

२ ऑक्टोबर

दसरा. पुरण मिक्सरमधून काढायला विनायकने काल रात्रीच देव्हाऱ्याशेजारचा प्लग काढला, त्यामुळे आईंनी पुण्याहून पाठवलेली विजेची समई बंद. म्हटलं बरं झालं, सणाला तुपाचं निरांजन लावू.

सिग्नल आज आला नाही. ना सकाळी, ना संध्याकाळी. जपानची वायुसेना दसऱ्याला सुट्टी घेते की काय!

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सिग्नल पुन्हा सुरू. नोंदवही ओइकावा-सानना दाखवली. शिडीवर बसून त्यांनी सगळी वाचली, विमानांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मग एवढंच विचारलं, घरात कुठे बसून ऐकता? म्हटलं, बेडरूममध्ये. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले.

११ ऑक्टोबर, शनिवार

देवा! धरणी पोटात घेईल तर बरं.

ओइकावा-सान आणि दोघे आजोबा पार्किंगमध्ये आले. हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना. ती ज्या बाजूला रोखली की आवाज वाढतो, तिकडे सिग्नल. सहा-पन्नास झाले, घरघर सुरू. मी बेसकडे बोट दाखवतेय आणि अँटेना वळतेय आमच्या इमारतीकडे! पहिला मजला. दुसरा. तिसऱ्यावर आमच्या दारासमोर तिघे थांबले, माझ्याकडे बघितलं, शिस्तीत बूट काढले. विनायक हाफपँटमध्ये भाजी चिरत होता.

अँटेना स्वयंपाकघरात गेली आणि देव्हाऱ्यासमोर थांबली.

आईंची समई. ज्योत खरी वाटावी म्हणून ती लुकलुकते— तीच माझी थरथर. आणि आमच्या शास्त्रज्ञ नवऱ्याने तिला टायमर लावून ठेवलाय, सकाळी सहा-दहा, संध्याकाळी सहा-पन्नास, चाळीस-चाळीस मिनिटं. सकाळी उठायचा कंटाळा म्हणून!

ओइकावा-साननी आधी गणपतीला वाकून नमस्कार केला. मग परवानगी विचारून प्लग काढला. शांत. लावला. घरघर. दोघे आजोबा एका सुरात “होऽऽ” म्हणाले. मी चहा केला. कोणी हसलं नाही, हे तर आणखी वाईट.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात— आधी आपल्या घरातली उपकरणं बंद करून बघा. मी काय बघितलं? आभाळ!

१४ ऑक्टोबर

घराबाहेर पडले नाही. कचरा विनायकने टाकला, चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी. आईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, समई चांगली आहे, तुमच्या तिकडच्या विजेतच खोट असेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

माफी मागून मोकळं व्हावं म्हणून दिवाळीच्या चकल्या घेऊन कुंपणापाशी गेले. ठरवलं होतं, चकल्या द्यायच्या, अँटेना परत करायची, संपलं. आजोबांनी चकल्या फस्त केल्या. अँटेना ओइकावा-साननी घेतली नाही, उलट त्यांचं कार्ड हातात दिलं. त्यांची कंपनी आहे! आता मुलगी बघते, म्हणून हे शुक्रवारी मोकळे. काम काय— बाजारात येणाऱ्या उपकरणांतून असला फालतू आवाज किती निघतो ते मोजणं.

“निष्कर्ष चुकला,” ते म्हणाले. “सतरा दिवसांत मोजमाप मात्र एकही चुकलं नाही. सोमवारी याल का?”

मी रडले. सगळ्यांसमोर. एका आजोबांनी घाईघाईने विमानाकडे बोट दाखवलं. विमान नव्हतं.

२८ ऑक्टोबर

अर्धवेळ सुरू. आज एका हेअर ड्रायरला नापास केलं. काय सुख!

१९ डिसेंबर

कंपनीने पूर्णवेळ घेतलं, परवान्याचं नवं कार्ड मिळालं. त्यावर आता ‘इंजिनिअर’. विनायकने फोटो काढून आईंना पाठवला. आईंनी घरच्या ग्रुपवर टाकलं— माझ्या समईमुळे सुप्रभाला नोकरी लागली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विनायक आज चारलाच घरी आला. प्रोजेक्ट वाढवला नाही. मार्चनंतर त्याचा इथे राहण्याचा परवाना संपतो. मी काही बोलायच्या आत त्याने बॅगेतून एक फॉर्म काढला, टेबलाशी बसला आणि ‘कुटुंबीय’वर खूण केली. ‘कोणावर अवलंबून?’ या रकान्यात जपानी अक्षरांत माझं नाव लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, बघ गं, बरोबर लिहिलंय ना?