इंजिन नंबर जुळतो

७ डिसेंबर
धुक्यामुळे रेस दीड तास उशिरा. तरी तेवीस गाड्या. पहिल्या वर्षी नऊ होत्या. सगळ्या पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्‌स कार, ट्रॉलीवर चढून ट्रॅकपर्यंत आलेल्या. तपासणीला मी एकटा. इंजिन नंबर वाचायचा, कागदाशी ताडायचा, ‘जुळतो’ किंवा ‘जुळत नाही’ लिहायचं. ही मालिका चालवणारे सेठीसाहेब (यापुढे से.) सगळ्यांसमोर म्हणाले, “इस लड़के की स्पेलिंग मेरे वकील से अच्छी है.” मोसम संपला की पक्क्या तपासनीसाचं कार्ड देणार. बारावी राहिली आहे, तरी.

२१ डिसेंबर
से.ची स्वतःची लाल गाडी. आत इंजिन अगदी अलीकडचं, वरून काजळी फासलेली. नंबर मात्र कागदावरचाच. आकडे उजवीकडे मोकळे, डावीकडे दाटलेले. असे आकडे एकच माणूस ठोकतो, शेवटच्या आकड्यापासून सुरू करून उलटा. बाबा. फौजेच्या वर्कशॉपपासूनची सवय.
“क्या हुआ बेटा, पसंद आ गई?”
लिहिलं, जुळतो. नंबर जुळतोच. इंजिन जुळत नाही, पण फॉर्मवर तसा रकाना नाही.

२२ डिसेंबर
बाबा करोल बागेतल्या दुकानातून आल्यावर विचारलं.
“इंजिनाचा ब्लॉक आला, नंबर सांगितला, ठोकला. मी कधी चुकीचा आकडा ठोकलाय?”
“इंजिन खोटं होतं, बाबा.”
“मग तू का नाही लिहिलंस तसं?”
आई म्हणाली, “आधी जेवा, यार, दोघं.”

१८ जानेवारी
से. सलग तिसऱ्यांदा पहिले. ग्रेवाल अंकल टेबलाशी आले. त्यांची पांढरी गाडी आजोबांपासूनची, सगळी अस्सल, आज सातवी.
“पुत्तर, उतनी पुरानी गाड़ी मोड़ से ऐसे नहीं निकलती. तूने तो देखा था.”
“नंबर मिलता है, अंकल.”
“अच्छा. चलो, हम भी मिलवा लेते हैं.”
त्यांनी नाही मिलवून घेतलं. बाकीच्यांनी घेतलं.

१५ फेब्रुवारी
अकरा गाड्या. सहांवर बाबांचे आकडे. सहा वेळा तोच शब्द लिहिला, सुवाच्य. ग्रेवाल अंकल आलेच नाहीत. गाडी गाझियाबादला घरी झाकून ठेवली म्हणे.

१५ मार्च
चार गाड्या. त्यांतली एक सुरूच झाली नाही. बघायला ड्रायव्हर आणि चहावाले. जाहिरातींचे बोर्ड रेस चालू असतानाच उतरवले. पुढच्या वर्षी मालिका नाही. से. आता गाड्या लग्नांना देणार. जाताना कार्ड हातात ठेवलं. आडनाव ‘काले’ छापलंय. दुरुस्त करायला सांगणार कुणाला?

२२ मार्च
ग्रेवाल अंकलांचा फोन. जुन्या गाडीवाल्यांचा क्लब मालिका नव्याने सुरू करायला तयार आहे, फक्त अस्सल गाड्यांची. पण आधी त्या सहा गाड्यांबद्दल माझा लेखी जबाब हवा. “नंबर किसने ठोके, वो भी लिखना पड़ेगा, पुत्तर.”
बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. पान उलटलं.
“लिही. नाव नीट लिही. हवालदार, निवृत्त, हेही.”
आता हिंदीत करण्याआधी मराठीत कच्चं लिहितोय. ‘यांनी ठोकले’ असं लिहायचं की ‘यांच्याकडून ठोकून घेतले’? दोन्ही शुद्ध आहेत. आणि तपासलं कुणी, ते वाक्य अजून घातलेलं नाही. ते पहिलं यायला हवं.